कार्यालयीन वेश : लिखित व अलिखित नियम

कार्यालयीन वेशाचे ढोबळमानाने तीन प्रकार संभवतात : गणवेश, कोट-टायसह पूर्ण औपचारिक वेश आणि या दोहोंहून सैल असा ‘बिझनेस कॅज्युअल’ वेश. तिसरा प्रकार सर्वांत मोकळा, म्हणून सर्वांत सोपा, असा सामान्य समज आहे. वस्तुस्थिती मात्र उलट आहे. गणवेशाचा नियम लिहिलेला असतो. येथे तो गृहीत धरलेला असतो.

या वेशाचा इतिहास याची साक्ष देतो. हवाई बेटांत शुक्रवारी कचेरीत रंगीत ‘अलोहा’ सदरा घालण्याची प्रथा १९६० नंतरच्या दशकात तेथील वस्त्रव्यावसायिकांच्या प्रयत्नाने रूढ झाली. पुढे अमेरिकेच्या मुख्य भूमीवर अशी मोकळीक पसरली, तेव्हा तिची मर्यादा कोणती, हा प्रश्न उभा राहिला. १९९२ मध्ये लेव्हाय स्ट्रॉस या कपडे बनविणाऱ्या कंपनीने योग्य वेशाची मार्गदर्शिका हजारो कर्मचारी-व्यवस्थापकांकडे धाडली. कपडे विकणारानेच औचित्याची व्याख्या करावी, ही गोष्ट लक्षणीय होय.

महाराष्ट्र शासनाने ८ डिसेंबर २०२० च्या परिपत्रकाने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी अशी मर्यादा शब्दबद्ध केली. साडी, सलवार-कुर्ता, शर्ट-पँट यांस मान्यता मिळाली. जीन्स, टी-शर्ट व स्लिपर वर्ज्य ठरले. शुक्रवारी खादी वापरण्याविषयी सांगण्यात आले. २०२१ मध्ये जीन्सवरील बंदी उठविण्यात आली. जे वस्त्र डिसेंबरात अशोभनीय होते, ते काही महिन्यांत चालू शकले; यावरून औचित्य वस्त्रात नसून संकेतात असते, हे उघड होते.

तथापि सर्वच नियम केवळ सांकेतिक नव्हेत. चालत्या यंत्राजवळ काम करणाराने अंगाबरोबर बसणारे कपडे घालावेत, अशी अट १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २२ ने घातली होती. सैल वस्त्र यंत्रात अडकते, हे तिचे कारण. दाढी वाढलेली असल्यास विषारी वायूपासून रक्षण करणारा मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसत नाही. शस्त्रक्रिया करणाराची नखे आखूड हवीत, कारण लांब नखांखाली जंतू राहतात. स्वच्छ कपडे, नीटनेटके केस व अंगाला दुर्गंधी नसणे यांची अपेक्षाही सहकाऱ्यांच्या सोयीतून येते. अशा नियमांचे कारण सांगता येते आणि कारण नाहीसे झाल्यास नियमही सोडता येतो.

उरलेल्या नियमांचा आधार प्रतिष्ठा हा असतो. ते अलिखित राहिले, तर त्यांचा भार नवागतावर पडतो. ज्याच्या घरात यापूर्वी कोणी कचेरीत नोकरी केलेली नाही, अशा उमेदवाराला पट्टा व बुटांचा रंग जुळवावा लागतो, हे सांगणारे कोणी नसते. त्याचे अज्ञान मग अकार्यक्षमता म्हणून गणले जाते. यास्तव संस्थेने आपली अपेक्षा नेमणुकीपूर्वीच सकारण व लेखी कळविणे हेच न्याय्य होय. ज्या नियमाचे कारण लिहिता येत नाही, त्यावरून कोणाची योग्यता ठरवू नये.