जुना व्हिडिओ गेम, नवा मॉनिटर

खान्देशात आखाजी, अर्थात अक्षय्य तृतीया, म्हणजे खेळायची मोकळीक. लेकी माहेरी येतात, घर भाचेमंडळींनी भरते, मोठी माणसे पत्ते मांडतात. नव्वदच्या दशकात त्यात व्हिडिओ गेमची भर पडली. जळगाव-धुळ्यात मे महिन्यात पारा 45 अंशांकडे सरकला की दुपारी मुलांना बाहेर सोडायची सोय नसते, आणि तेव्हा मारिओ आणि कंट्रा हे गेम फार कामी येत. समुराईचे, पुढे मिताशीचे ते डबे आजही कितीतरी घरांत माळ्यावर आहेत. कॅसेट आहेत, रिमोट आहेत, फक्त तो जाडजूड टीव्ही गेला. हॉलमधल्या नव्या टीव्हीवर मोठ्यांचा हक्क, म्हणून नजर मुलांच्या खोलीतल्या कॉम्प्युटर मॉनिटरकडे जाते.

ही जोडणी होते आणि फार खर्चातही पाडत नाही. मात्र आधी नुसती केबल का चालत नाही हे समजून घ्यायला हवे, कारण बहुतेकांचे पैसे तिथेच वाया जातात. एका टोकाला पिवळी-लाल-पांढरी पिन आणि दुसऱ्या टोकाला व्हीजीएचा निळा प्लग असलेली साधी वायर बाजारात मिळते. टोके दोन्हीकडे बरोबर बसतात, चित्र मात्र येत नाही.

कारण आकड्यांत आहे. आपल्याकडचा जुना टीव्ही पाल पद्धतीचा, म्हणजे एका पूर्ण चित्रात 625 रेषा आणि सेकंदाला 25 पूर्ण चित्रे. गुणाकार केला की सेकंदाला 15,625 रेषा होतात. अमेरिका-जपानच्या एनटीएससी पद्धतीतही हा आकडा 15,700 च्या आसपासच येतो. जुने सगळे गेम या वेगाने चित्र पाठवतात, कारण ते टीव्हीसाठीच बनले होते. कॉम्प्युटरच्या मॉनिटरची वाट 1987 साली आयबीएमने व्हीजीए आणले तेव्हाच वेगळी झाली. तिथे सेकंदाला साधारण 31,500 रेषा लागतात, म्हणजे जवळजवळ दुप्पट. आजच्या मॉनिटरच्या माहितीपुस्तिकेत आडव्या वारंवारतेचा आकडा बहुधा 30 किलोहर्ट्झपासून सुरू होतो. त्याखालचे चित्र तो घेतच नाही. शिवाय पिवळ्या पिनेतून रंग आणि उजेड एकाच तारेत मिसळून येतात, तर व्हीजीएला लाल, हिरवा, निळा वेगवेगळे हवे असतात. रंग वेगळे करणे आणि रेषांचा वेग वाढवणे ही दोन्ही कामे चिप असलेले, वीज घेणारे यंत्रच करू शकते. ज्या वस्तूला वीज लागत नाही, ती या कामाची नाही, एवढी खूणगाठ बांधली तरी पुष्कळ झाले.

आता डबा खाली काढा. वीज देण्याआधी अडॅप्टर पाहा. बऱ्याच डब्यांना 9 व्होल्टचा डीसी अडॅप्टर लागतो, पण पिनेच्या मधल्या भागाला प्लस आहे की मायनस हे डब्यागणिक बदलते. डब्याच्या तळाशी आणि अडॅप्टरवर छापलेली खूण जुळली तरच बोर्डात लावा. परदेशातल्या नातेवाइकाने पाठवलेल्या गेमच्या अडॅप्टरवर फक्त 100 किंवा 120 व्होल्ट लिहिले असेल, तर तो आपल्या 230 व्होल्टवर जळेल. त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा. कॅसेटमध्ये फुंकर मारायची सवय मोडा. फुंकरीतला ओलावा पट्ट्या गंजवतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाने पट्ट्या पुसाव्या आणि पूर्ण वाळू द्याव्या.

मग डब्याच्या मागे-बाजूला कोणती भोके आहेत ते बघा. पिवळे आणि पांढरे किंवा लाल भोक असेल तर काम सोपे आहे. एव्ही टू एचडीएमआय नावाचा काडेपेटीएवढा कन्व्हर्टर काही शे रुपयांत मिळतो. जळगावात गोलाणी मार्केट, धुळ्यात आग्रा रोडच्या परिसरात विचारा. घेताना बाणाची दिशा नीट वाचा. हुबेहूब तसाच दिसणारा एचडीएमआय टू एव्ही उलटे काम करतो आणि तो हमखास हातात पडतो. कन्व्हर्टरला मोबाइलच्या चार्जरमधून 5 व्होल्ट द्या, त्यावरचे बटण 720 वर ठेवा, एचडीएमआय केबल मॉनिटरला लावा आणि मॉनिटरच्या मेनूतून तो इनपुट निवडा. मॉनिटरला स्पीकर नसेल तर आवाज कन्व्हर्टरकडे नेऊच नका. डब्याच्या आवाजाच्या भोकातून थेट स्पीकरला वायर द्या. ऑफिसातून निघालेला जुना, चौकोनी, फक्त व्हीजीएचा मॉनिटर असेल तर पुढे आणखी एक एचडीएमआय टू व्हीजीए अडॅप्टर लागेल. पण मला तोच मॉनिटर जास्त पसंत आहे, कारण हे गेम मुळात चौकोनी पडद्यासाठी काढलेले आहेत. रुंद पडद्यावर स्वस्त कन्व्हर्टर चित्र ताणतो आणि मारिओ आडवा सुटतो. मॉनिटरच्या मेनूत 4:3 चा पर्याय असेल तर तो जरूर निवडा.

स्वस्त कन्व्हर्टरच्या दोन खोडी ओळखून ठेवाव्यात. आपले डबे सेकंदाला 50 चित्रे पाठवतात, कन्व्हर्टर बहुधा 60 बाहेर काढतो. उरलेली दहा तो आधीचीच चित्रे पुन्हा दाखवून भरतो, त्यामुळे धावताना पार्श्वभूमी मधूनच हिसका देते. काही कन्व्हर्टरवर पाल-एनटीएससीचे बटण असते, पण 50 वर नेले तर अनेक मॉनिटर चित्रच नाकारतात. दुसरी खोड अशी की टीव्हीचे चित्र एकाआड एक रेषांच्या दोन अर्ध्या भागांत येते आणि कन्व्हर्टर ते अर्धे जोडायला बसतो. जुने गेम मात्र प्रत्येक वेळी पूर्ण चित्रच, कमी रेषांत, पाठवतात. ते जोडताना मार खाल्ल्यावर लुकलुकणारा हिरो जाळीदार दिसतो किंवा गायब होतो, आणि बटण दाबल्यावर उडी किंचित उशिरा पडते. सुटीतल्या खेळाला हे चालून जाते. ज्याला चालत नाही त्याच्यासाठी रेट्रोटिंकसारखी खास यंत्रे आहेत. ती रेषा जवळजवळ विलंबाशिवाय दुप्पट करतात, पण किमतीत कितीतरी पट महाग आहेत.

डब्याला फक्त अँटेनाची वायर असेल तर कन्व्हर्टरचा उपयोग नाही. त्यातून टीव्हीच्या चॅनेलसारखी लहर येते आणि ती पकडायला ट्यूनर लागतो. इथे एक विस्मरणात गेलेली वस्तू कामी येते: टीव्ही ट्यूनर बॉक्स. कॉम्प्युटर चालू न करता मॉनिटरवर केबल टीव्ही बघण्यासाठी लोक तो घेत. केबल डिजिटल झाली आणि सेट-टॉप बॉक्स आले तसे हे बॉक्स अडगळीत गेले. त्यात अँटेनाचे भोक असते, बहुधा पिवळ्या पिनेचेही, आणि बाहेर व्हीजीए मिळते; म्हणजे दोन्ही प्रकारच्या डब्यांची सोय होते. गेम चालू ठेवून ऑटो सर्च लावा. चित्र आले आणि आवाजाऐवजी खरखर आली, तर मेनूत बी-जी, डी-के, आय असे आवाजाचे पर्याय असतात ते बदलून पाहा. भंगाराच्या किंवा जुन्या दुरुस्तीच्या दुकानात असा चालू बॉक्स दिसला तर मी तरी तो सोडणार नाही.

प्लेस्टेशन 2 ची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याच्या मागे थेट लागणारा छोटा एचडीएमआय अडॅप्टर मिळतो आणि त्याचे रंग पिवळ्या पिनेपेक्षा बरेच स्वच्छ असतात. पण तो रेषांचा वेग वाढवत नाही, आलेले चित्र तसेच डिजिटल करून पुढे देतो. टीव्ही ते घेतो, मॉनिटर बहुधा घेत नाही. म्हणून विकत घेण्याआधी आपल्या मॉनिटरवर लावून बघावा. लावण्यापूर्वी प्लेस्टेशनच्या सिस्टीम कॉन्फिगरेशनमध्ये कंपोनंट व्हिडिओ आउट ही जागा आरजीबीवरून वाय-पीबी-पीआरवर आणायला विसरू नका, नाहीतर रंग बिघडतात. प्लेस्टेशन 3 ला एचडीएमआय मुळातच आहे, तिथे एक केबल पुरते.

लॅपटॉपच्या एचडीएमआयला हे काही जोडता येणार नाही. त्या भोकातून चित्र बाहेर जाते, आत येत नाही. यूएसबीची कॅप्चर वायर चित्र आत घेते, पण उशिरा. ती रेकॉर्डिंगला ठीक, खेळायला नाही.

बदकांवर नेम धरायची बंदूक मात्र कोणत्याही कन्व्हर्टरने मॉनिटरवर चालणार नाही. चाप ओढताच गेम पडदा काळा करतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. बंदुकीतला सेन्सर नेमक्या त्या क्षणी पिक्चर ट्यूबचा उजेड शोधतो. एलसीडीचा उजेड तसा नसतो आणि चित्रही उशिरा पोचते. तेव्हा ज्यांच्या घरी पिक्चर ट्यूबचा टीव्ही अजून चालू आहे, त्यांनी तो भंगारवाल्याला देऊ नये.