गिअरपेटी तापमानदर्शक
डीझेल मालमोटारीच्या गिअरपेटीतील वंगण तेलाचे तापमान चालकास दाखविणारे उपकरण. संवेदक, वाहक तार व काट्याचा दर्शक हे त्याचे भाग होत. संवेदकात सामान्यतः थर्मिस्टर असतो. तापमान वाढले की त्याचा विद्युत् रोध घटतो व काटा सरकतो.

खानदेशात उन्हाळ्यात हवेचे तापमान ४५° से.पर्यंत जाऊ शकते. जामनेर तालुक्यातील पहूरहून अजिंठ्याच्या घाटाकडे निघालेली भरलेली मालमोटार चढणीवर खालच्या गिअरमध्ये हळू चालते. अशा वेळी तेल तापते आणि पेटीवरून वाहणारा वाराही अपुरा पडतो. तेल पातळ होऊन दातांची झीज वाढते. दर १०° से. वाढीस तेलाच्या ऑक्सिडीभवनाचा वेग सुमारे दुप्पट होतो.

संवेदक थंड पेटीवर, तेल काढून घेऊन, जुळत्या आट्यांच्या छिद्रात बसवितात. एकतारी संवेदकाचे विद्युत् मंडल पेटीच्या धातूतून पूर्ण होते, म्हणून आट्यांवर गळतीरोधक फीत जाड गुंडाळत नाहीत. तार धुराच्या नळीपासून दूर नेतात. तळाच्या बुचातील संवेदकास दगडांचा मार बसण्याची भीती असते. बाजूच्या छिद्रातील संवेदक तेलाची पातळी उतरल्यास उघडा पडतो व प्रत्यक्षाहून कमी तापमान दाखवितो. त्यामुळे तेलाची पातळी वेळोवेळी तपासणे आवश्यकच असते.