कुस्तीची बाराखडी

तालुक्याच्या क्रीडास्पर्धा जवळ आल्या की शाळाशाळांतून कुस्तीचा सराव सुरू होतो. हा उत्साह स्तुत्य होय. परंतु पहिल्याच दिवशी मुले ‘धोबीपछाड शिकवा’ असा हट्ट धरतात आणि पुष्कळदा आपणही त्यास मान देतो. बाराखडी गिरविण्यापूर्वी मुलास निबंध लिहावयास बसवावे, तसाच हा प्रकार आहे.

नोकरीच्या आरंभी प्रस्तुत लेखकाकडूनही हीच चूक घडली. वार्षिक संमेलनासाठी आठ दिवसांत चार डाव बसविले. पडावे कसे हे मात्र शिकविले नाही. सहावीतील एका मुलाने पडताना हात ताठ टेकला आणि त्याच्या हासळीचे हाड मोडले. दोष मुलाचा नव्हता, शिकविणाऱ्याचा होता.

म्हणून पहिला पाठ पडण्याचा असावा. हनुवटी छातीशी घ्यावी, पाठ गोलाकार करावी, श्वास सोडावा आणि भार एका ठिकाणी न घेता अंगभर वाटून द्यावा. हात ताठ टेकल्यास सारा आघात मनगट, कोपर व हासळी यांवर येतो. प्रथम बसून, मग उकिडवे राहून व शेवटी उभ्याने, या क्रमाने हा सराव घ्यावा. पडण्याची भीती गेली म्हणजे निम्मी कुस्ती आली.

दुसरा पाठ पवित्र्याचा. पायांत खांद्यांइतके अंतर, एक पाऊल किंचित पुढे, गुडघे वाकलेले आणि कंबर खाली. पायांतील आधाराची जागा जितकी रुंद व शरीराचा भार जितका खाली, तितका तोल सुटणे कठीण. प्रतिस्पर्धी पट काढावयास आला असता ताठ उभा असलेला मुलगा तत्काळ उचलला जातो. पवित्र्यात असलेला मुलगा पाय मागे टाकून आपला भार त्याच्यावर देऊ शकतो.

तिसरा पाठ जोर-बैठकांचा. जोराने खांदे, छाती व पाठ, तर बैठकीने मांड्या व गुडघे तयार होतात. प्रत्येक डावाचा रेटा पायांतून निघून कमरेतून हातांत येतो. मधली एखादी कडी दुबळी असली तर डाव तेथेच अडतो. मल्लखांबाचे महत्त्वही यातच आहे. दुसऱ्या बाजीरावांच्या काळी बाळंभटदादा देवधर यांनी पुनरुज्जीवित केलेला हा व्यायाम मल्लांना पूरक मानला गेला. खांब प्रतिकार करीत नाही. त्यामुळे पकड व तोल यांचा स्वतंत्र अभ्यास करता येतो.

कऱ्हाडनजीकच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव तांबड्या मातीत घडले. 1948 साली लंडन येथील ऑलिंपिकमध्ये गादीवरील कुस्ती त्यांना अपरिचित होती. तरीही ते सहावे आले. पुढे 1952 साली हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. पायाखालची जमीन व नियम बदलले, तरी मुळातील तयारी कामी येते, हा यातील बोध.

प्रत्यक्ष झुंजीत विचार करावयास अवधी नसतो. पाढे पाठ असलेला मुलगा जसा गुणाकारात अडखळत नाही, तद्वत पवित्रा अंगवळणी पडलेला मल्ल डाव निवडण्यास मोकळा राहतो. पाया आणि कौशल्य यांत विरोध नाही. पहिल्यावरच दुसरे उभे राहते.

शिक्षक बंधुभगिनींस विनंती अशी की, जागा भुसभुशीत व खडेविरहित असावी, नखे कापलेली असावीत, जोड्या वजनानुसार लावाव्यात. पहिला महिना केवळ या तीन पाठांस द्यावा. मुले कंटाळतील, तेव्हा पडण्याचे व तोल सांभाळण्याचे खेळ घ्यावेत. मानेवर भार येणारे डाव जाणत्या वस्तादांवाचून शिकवू नयेत. एखादे वर्षी ढाल मिळाली नाही तरी चालेल. आपल्या स्वाधीन केलेले मूल धडधाकट घरी परतले पाहिजे.