सुरू न होणारे इंजिन : निदानाचा क्रम

दादर-परळच्या सखल भागात, विशेषतः हिंदमाता परिसरात, मुसळधार पावसात पाणी साचते. अशा पाण्यातून गेलेली जुनी मोटार सुरू होईनाशी झाली, की मालक पुनःपुन्हा किल्ली फिरवीत राहतो. ही घाई मूळ बिघाडापेक्षा महाग पडते.

उदाहरणार्थ, शतकसंधीच्या सुमारास गोव्यात तयार झालेली 'सॅन स्टॉर्म' ही दोन आसनी स्पोर्ट्स कार घेऊ. तिचे इंजिन रेनोचे, ११४९ घन सें.मी.चे, तीत कार्बोरेटर नसून इंधन इंजेक्टरने फवारले जाते. पद्मिनी टॅक्सीत ठिणगी आणि पेट्रोल यांच्या व्यवस्था स्वतंत्र होत्या. येथे दोहोंवर एकाच विद्युत्-नियंत्रकाचा ताबा असतो. निदानाचे सूत्र याच भेदात आहे.

इंजिनात पाणी शिरल्याची शंका असल्यास प्रथम एअर फिल्टर पाहावा. तो ओला असेल, तर सेल्फ मारू नये. पाणी दाबले जात नाही. त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढावे.

फिल्टर कोरडा असल्यास बॅटरी तपासावी. विश्रांत स्थितीत सुमारे १२.६ व्होल्ट दाब हवा. सेल्फ मारताना तो साधारणतः ९.६ च्या खाली जाऊ नये. नंतर किल्ली 'ऑन' करून कान द्यावा. पेट्रोलपंपाचा गुणगुणाट सामान्यतः क्षणभर ऐकू येतो. तो न आल्यास फ्यूज, रिले आणि पंप पाहावेत.

आता सेल्फ मारून ठिणगी व इंजेक्टरला मिळणारा विद्युत्-संकेत, दोन्ही तपासावेत. ठिणगी असून इंधन नसेल, तर फिल्टर, पंप किंवा इंजेक्टरचा दोष संभवतो; इंधन असून ठिणगी नसेल, तर कॉइल किंवा प्लगचा. दोन्ही नसतील, तर दोष समाईक असला पाहिजे : क्रँकच्या गतीची वार्ता देणारा सेन्सर, नियंत्रकाचा रिले अथवा त्याची अर्थ-वायर. फायबरग्लासचे कवच विजेचे वाहक नसल्याने या गाडीत कवचावर बसवलेल्या भागांचा परतीचा प्रवाह तारेने न्यावा लागतो; म्हणून गंजलेला अर्थ-जोड येथे विशेष संशयास्पद मानावा. पेट्रोलची नळी उघडताना मात्र ठिणगीची चाचणी कदापि घेऊ नये.

तात्पर्य, सुटा भाग बदलण्यापूर्वी काय आहे आणि काय नाही, हे ठरवावे. जुन्या गाडीचे भाग दुर्मिळ असतात. अनुमानाने घेतलेला भाग बहुधा व्यर्थ ठरतो.