भोंगा गेला, चिमणी राहिली

बीडहून ट्रॅव्हल्सनं मुंबईला इंटरव्ह्यूला जाणार असाल, तर लोअर परळला एकदा मान वर करून बघा. काचेच्या टॉवरांमध्ये मध्येच विटांची एक चिमणी दिसेल. ती गिरणीची.

आपल्याकडं कारखाना म्हटलं की साखरेचा, तिथं कापडाचा. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. कित्येक गिरण्यांचा भोंगा पुन्हा वाजलाच नाही.

खरा खेळ त्यानंतरचा, जमिनीचा. 1991 च्या नियमात ढोबळमानानं तीन वाटे होते: महापालिकेच्या मोकळ्या जागांना एक, म्हाडाच्या घरांना एक, मालकाला एक. 2001 मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची. शेड पाडून जी जागा निघेल ती मालकाची. आता सांगा, शेडांनी भरलेल्या गिरणीत मोकळं असणार किती? 2006 मध्ये सुप्रीम कोर्टानंही हा बदल कायम ठेवला.

फिनिक्स मिलच्या आवारात आज मॉल आहे, टॉवर आहेत. कामगारांनाही घरं मिळतात, नाही असं नाही. पण म्हाडाच्या लॉटरीत नंबर लागला तर. कामगार हयात नसेल तर वारसानं कागदपत्रं घेऊन हेलपाटे घालायचे.