फियाटचा पत्रा

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस आधी बॉनेट उघडून इंजिन बघतो. त्याआधी गुडघ्यावर बसून दाराखालची पट्टी बघावी. इंजिन उघडून बसवणारे मिस्त्री जळगावात हवे तेवढे भेटतात, पण सडलेला पत्रा इंच-इंच कापून नव्याने घडवावा लागतो. इथल्याच मेहरूण भागात आमच्या घरामागच्या पडवीत १९७४ ची प्रीमियर पद्मिनी उभी आहे. तिच्या बॉडीवर आमचे दोन हिवाळे गेले. घरी असं काम करू बघणाऱ्यांसाठी त्याची ही सविस्तर हकिगत.

पद्मिनी म्हणजे आपली जुनी फियाट ११००च. तिला कुणी स्पोर्ट्स कार म्हणणार नाही. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, घरच्या माणसांना ऐसपैस जागा. पण मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या विमान-धावपट्टीवर शर्यती होत, तेव्हा हीच फियाट ११०० हलकी करून, इंजिन सुधारून पळवली जाई. आपल्याकडे अस्सल स्पोर्ट्स गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. गोव्यात बनलेली दोन आसनी सॅन स्टॉर्म त्यांतली एक, पण तिची बॉडी फायबरची. फायबर तडकतं, गंजत नाही. पत्र्याच्या गाडीचं सगळं शास्त्र मात्र पाण्याभोवती फिरतं.

खानदेश कोरडा मुलूख, इथल्या गाड्या कशाला गंजतील, असं वाटतं. वरून त्या गंजतही नाहीत. आमच्या पद्मिनीचं छत आणि बॉनेट जवळजवळ निर्मळ निघालं. सड होती ती खाली आणि आतून. तापीखोऱ्यातली काळी माती पावसात चाकांबरोबर उडते, मडगार्डच्या आतल्या कोपऱ्यांत आणि दाराखालच्या पोकळ पेटीत जाऊन बसते. ही माती पाणी धरून ठेवते. रस्ता वाळला तरी त्या कोपऱ्यातला चिखल कितीतरी दिवस ओलाच राहतो. दुसरं कारण आपल्या उन्हाचं. काचेभोवतीचं रबराचं बीडिंग मे महिन्याच्या तापात कडक होऊन तडकतं, आणि जूनमध्ये त्याच फटीतून पाणी झिरपून फरशीवरच्या गालिच्याखाली साठतं. वरून गालिचा कोरडा लागतो, खाली पत्रा कुजत असतो.

म्हणून पहिलं हत्यार जाड स्क्रू-ड्रायव्हर. सीट, गालिचे, दारांच्या आतल्या पट्ट्या काढायच्या आणि फरशीवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जायचं. धड पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बद्द वाजतो. बद्द आवाज आला की टोक टेकवून दाबायचं, आरपार गेलं तर खडूने गोल करायचा. बाहेरून लोहचुंबक फिरवायचं, त्याला पातळ कापड गुंडाळून, म्हणजे रंगाला ओरखडा जात नाही. जिथे चुंबक धरत नाही तिथे आधीच्या कुणीतरी पुट्टी थापली आहे. आमच्या गाडीच्या मागच्या मडगार्डवर बोटभर जाडीची पुट्टी निघाली आणि तिच्याखाली भोक बुजवायला कोंबलेला वर्तमानपत्राचा बोळा.

गंज रंगाखाली फुगतो, कारण तो मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. रंगावर एवढासा फोड दिसला तर आतला पत्रा बहुधा त्याहून बराच जास्त खाल्लेला असतो. कापायला घेतलं की खडूचा गोल मोठाच होत जातो. याची मनाची तयारी आधीच ठेवावी.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेल्या या गाडीला ट्रकसारखी वेगळी शॅसी नाही. फरशी, दाराखालच्या दोन पोकळ पेट्या, खांब आणि छत मिळूनच भार उचलतात. दाराखालची पेटी कापली की गाडी मधोमध खचू पाहते, आणि खचलेल्या अवस्थेत नवी पेटी वेल्ड केली तर दार जन्मभर नीट लागत नाही. म्हणून गाडी चार भक्कम लोखंडी घोड्यांवर ठेवा, पाणनळीने पातळी तपासा. दारं लावून फटी मोजून लिहून ठेवा. मग दार काढून त्या चौकटीत लोखंडी अँगल तिरका टाचून घ्या. एका वेळी एकच बाजू कापा. आम्ही दर चार-सहा टाचांनंतर दार पुन्हा लटकवून बघत होतो. वेळ खूप जातो, पण हा वेळ वाचवू नये.

नवा तुकडा २० गेजच्या सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्याचा, म्हणजे जेमतेम ०.९ मिलिमीटर जाडीचा. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा घेऊ नका, वेल्डिंगच्या वेळी त्याचा पांढरा धूर छातीत जातो. आधी जाड पुठ्ठ्याचा नमुना कापून जागेवर बसवून बघा, मग तो पत्र्यावर आखा. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवा आणि पेट्रोलची टाकी काढून अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक, कारण आत वाफ असते.

जुन्या डेंटरांनी हयातभर गॅस आणि पितळेवर हे काम केलं. घरी मात्र मिग वेल्डिंग सोपं. पातळ पत्र्यावर सलग रेघ ओढायला जाऊ नका. एक टिपका इथे, पुढचा वीतभर लांब, तिसरा त्या दोहोंच्या मधे, आणि प्रत्येक टिपक्यानंतर पत्रा हाताला सोसेल इतका निवू द्यायचा. उष्णतेने पत्रा पसरतो आणि निवताना आक्रसतो. एकाच जागी उष्णता साठली की सपाट पत्र्याच्या लाटा होतात. आमच्या पहिल्या तुकड्याच्या तशाच झाल्या, घाई माझी होती. तो तुकडा कापून टाकला आणि नवा बसवला.

पोचे काढणं हा या कामातला सगळ्यात सुंदर भाग. एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात पत्र्यामागे टेकवलेली डॉली, म्हणजे गुळगुळीत लोखंडी ठोकळा. हातोडी नेमकी डॉलीवर पडली तर मधला पत्रा चेपून पसरतो. डॉली खळग्याखाली दाबून धरली आणि हातोडी शेजारच्या उंचवट्यावर मारली, तर उंचवटा बसतो आणि खळगा वर येतो. नवशिका जोराने डॉलीवरच ठोकत राहतो आणि पत्रा ताणून ठेवतो. मग तो डब्याच्या बुडासारखा आत-बाहेर टकटकतो. असा ताणलेला पत्रा रुपयाएवढ्या जागेवर लालबुंद तापवून, भोवती हलकेच ठोकून, ओल्या फडक्याने थंड केला की आक्रसतो. डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. सुती कापडावरून तळहात फिरवा, डोळ्याला न दिसणारी लाट हाताला लागते.

पुट्टी वाईट नाही, तिचा उपयोग चुकीचा होतो. हाताला जेमतेम जाणवणारा खोलगटपणा भरायला ती आहे, भोक बुजवायला नाही. जाड थर दगडासारखा होतो, खालचा पत्रा उन्हाने प्रसरण पावतो आणि दोघांची फारकत होते. शिवाय पॉलिएस्टर पुट्टी पाणी शोषते, म्हणून तिच्यावर ओला पॉलिश पेपर मारू नये. ८० नंबरच्या कोरड्या पेपरने, लांब लाकडी पट्टीला गुंडाळून, तिरकं घासावं.

ऋतूचा हिशेब इथल्या हवेनेच शिकवला. उघडा पत्रा पावसाळ्यात एका रात्रीत तांबूस होतो, म्हणून कापाकापी दिवाळीनंतर सुरू करावी. रंगाचं काम मेहरूणची बोरं बाजारात असतात त्या दिवसांत, म्हणजे हिवाळा सरता-सरता उरकावं. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना हार्डनर मिसळलेली पुट्टी पात्यावरच आवळते, आणि स्प्रे गनमधून निघालेला रंग पत्र्यावर पोचण्याआधीच थिनर उडून जाऊन खरखरीत भुकटी बसते. दमट हवेत याच्या उलट: झपाट्याने उडणाऱ्या थिनरमुळे पृष्ठभाग गार पडतो, त्यावर दव धरतं आणि एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग पांढरट पडतो.

पत्रा स्वच्छ झाला की त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. त्यावर सरफेसर, आणि त्यावर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा. मग ३२० च्या पेपरने घासलं की उंच भाग उजळतात आणि खोलगट जागी काळं राहून जातं, चुकीचा नकाशाच समोर येतो. हा घासण्याचा फेरा आम्ही तीनदा केला.

शेवटचा रंग घरी मारू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. हार्डनर घालून मारायच्या पीयू (पॉलीयुरेथेन) रंगात आयसोसायनेट असतं. साधा कापडी मास्क त्याला अडवत नाही, आणि एकदा फुप्फुसांना त्याचं वावडं जडलं की दमा आयुष्यभर सोबत राहतो. त्यासाठी बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो. घासून तयार केलेली गाडी बंद बूथ असलेल्या रंगकाम करणाऱ्याकडे न्यावी. नव्वद टक्के मेहनत तोवर झालेलीच असते. रंग बदलणार असाल तर तो नोंदणी पुस्तकातही बदलून घ्यावा लागतो.

पन्नास वर्षं पूर्ण झालेली खासगी गाडी २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क आहे आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. अट अशी की शॅसी, बॉडी, इंजिनात मोठा फेरबदल नसावा, म्हणून मूळ आकार राखूनच पत्रा घडवा. कामाचे फोटो आणि बिलं जपून ठेवा. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणं यांपलीकडे रोजच्या वापरात आणता येत नाही. भाजी आणायला गाडी न्यायची असेल तर नेहमीचीच नोंदणी चालू ठेवा.

रंग झाल्यावरही एक काम उरतं आणि बहुतेक जण ते विसरतात. दाराखालच्या पेट्यांत, दारांच्या आत आणि मडगार्डच्या दुमडीत लांब नळीने पातळ मेण किंवा गंजरोधक तेल फवारायचं, म्हणजे आतून ओल धरत नाही. दारांच्या तळाशी आणि पेट्यांना पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. दर पावसाळा संपला की एक तार घ्या आणि त्यांतली काळी माती काढून टाका. दहा मिनिटांचं काम आहे.