नानकटाई घाट चढते तेव्हा

ज्यांचे लहानपण सोलापुरात गेले त्यांना बेकरीच्या भट्टीवरची दुपार मी निराळी सांगायला नको. आमच्या वेळी, म्हणजे १९९० च्या आसपास, परीक्षा संपल्या की घरोघर नानकटाईचा बेत ठरे. मैदा, तूप, पिठीसाखर मळून झाकल्या पातेल्यात घालायची आणि भट्टीवर न्यायची. तिथला माणूस काळे पडलेले पत्रे पुढे सरकवी. आया पाटावर बसून गोळे वळीत, आणि आम्हा पोरांचे काम म्हणजे डबा सांभाळणे आणि फुटकी नानकटाई कुणाच्या वाट्याला येते यावर भांडणे. आमच्या आईचे प्रमाण ठरलेले होते: चार वाट्या मैदा, पावणेदोन वाट्या थिजलेले तूप, दोन वाट्या पिठीसाखर, एक लहान चमचा सोडा, दोन चमचे दही, वेलदोडा. वहीत लिहिलेले नव्हते, पण चुकल्याचे कुणाला आठवत नाही.

२०१४ च्या दिवाळीत आई माझ्या धाकट्या बहिणीकडे पाचगणीला गेली. बहीण तिथे एका निवासी शाळेत शिकवते. जावयाच्या घरी, नव्या ओव्हनमध्ये, आईने मोठ्या हौसेने नानकटाई केली. पहिला पत्रा बाहेर आला तो पाहून ती गप्पच झाली. गोल टपोऱ्या नानकटाया नव्हत्याच त्या. एकमेकींत मिसळलेल्या, कडेला करपलेल्या, मधे खोलगट अशा चकत्या होत्या. दुसरा पत्रा तसाच. तिसऱ्याच्या वेळी तिने सोडा वाढवला, तर ते पसरणे आणखी वाढले.

कुणी काही बोलले नाही. पण सोलापूरला परत आल्यावर आई मला म्हणाली, "वय झालं रे आता माझं. हात गेला." आणि पुढच्या उन्हाळ्यासाठी तिने सामान आणायला सांगितलेच नाही. चाळीस वर्षे ज्या हातावर भरवसा ठेवला तो हात गेला असे माणसाने मानणे ही साधी गोष्ट नव्हे. मी पेशाने भूगोलाचा मास्तर. पाचगणीची उंची मुलांना दरवर्षी सांगतो, पण ती आईच्या पातेल्यात शिरली असेल हे ध्यानात यायला मला चांगले दोन महिने लागले!

आता उंचीचा आणि नानकटाईचा संबंध काय तो पाहू. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच आहे, पाचगणी सुमारे १३०० मीटर. म्हणजे फरक साडेआठशे मीटरचा. आपल्या डोक्यावर हवेचा जो थर आहे त्याला वजन असते; जसजसे वर चढावे तसतसा डोक्यावरचा थर कमी होतो आणि दाबही उतरतो. सोलापूरच्या मानाने पाचगणीला हा दाब सुमारे दहा टक्क्यांनी कमी भरतो. याची प्रचीती घ्यायला उपकरण लागत नाही. वाई सोडून पसरणीचा घाट चढताना पिशवीतला वेफर्सचा बंद पुडा काढून बघा. खाली सैल असलेला पुडा वर पोचेपर्यंत टम्म फुगलेला असतो. आतली हवा तेवढीच आहे. बाहेरून दाबणारा हात तेवढा ढिला झालेला आहे.

पिठातला सोडा दह्याशी आणि उष्णतेशी गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड वायू सोडतो. त्याचे बारीक बुडबुडे नानकटाईला खुसखुशीत करतात. पण वर सांगितलेला पुडा आठवा. तेवढ्याच सोड्याचा वायू पाचगणीला अकराएक टक्के अधिक जागा व्यापतो. बुडबुडे मोठे होतात, त्यांच्या भिंती पातळ होतात, आणि पीठ घट्ट होण्याआधीच त्या फुटून गोळा खाली बसतो. आईने तिसऱ्या पत्र्याला सोडा वाढवला, तेव्हा तिने आगीत तेलच ओतले म्हणायचे.

दुसरी गोष्ट पाण्याची. पाणी शंभर अंशांना उकळते हे वाक्य आपण शाळेत घोकतो, पण ते समुद्रकाठचे सत्य आहे. दर तीनशे मीटरला उकळबिंदू जवळजवळ एक अंशाने उतरतो. आपल्या सोलापुरात पाणी साडेअठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपास उकळते, पाचगणीला पंच्याण्णव-शहाण्णवला, आणि लेहला, सुमारे साडेतीन हजार मीटरांवर, अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास. हा हिशेब इतका भरवशाचा, की १८६६ साली पंडित नैनसिंग रावत गुप्तपणे ल्हासाला पोचले तेव्हा त्यांनी पाणी उकळून, त्यात तापमापक धरून त्या शहराची उंची काढली होती. आणि १८३५ मध्ये चार्ल्स डार्विन अँडीज पर्वत ओलांडत होता तेव्हा रात्रभर चुलीवर ठेवलेले बटाटे सकाळीही कच्चेच राहिले. त्याच्या सोबत्यांनी निष्कर्ष काढला की भांडेच मुळात वाईट, त्याच्या मनात बटाटे शिजवायचे नाहीत! आमच्या आईने निदान भांड्याला दोष दिला नाही, स्वतःला दिला.

नानकटाईत पाणी फारसे नसते, दह्यातले आणि तुपातला अंश असेल तेवढेच. पण जे असते ते वर लवकर वाफ होऊन निघू लागते, आणि वाफ निघताना उष्णता घेऊन जाते. त्यामुळे गोळ्याचा गाभा तापायला रेंगाळतो. तुपाचे मात्र तसे नाही. तूप वितळायला हवेच्या दाबाची परवानगी लागत नाही. ते जसे सोलापुरात वितळते तसेच पाचगणीत. म्हणजे तूप वेळेवर पातळ झाले आणि पिठाचे घट्ट होणे लांबले. मधल्या त्या दोन-चार मिनिटांत गोळा पसरतो. त्यातच पाणी उडाल्याने साखरेचे प्रमाण वाढते, आणि दाट साखर पिठाला घट्ट होऊ देत नाही, शिवाय कडा लवकर लाल करते. करपलेल्या कडा आणि खोलगट मध्य, दोन्हींचा उलगडा इथे होतो.

तरीही सगळे खापर उंचीच्या डोक्यावर फोडणे बरोबर नव्हे. तेराशे मीटर म्हणजे काही हिमालय नाही, आणि केकच्या मानाने नानकटाई पुष्कळ सोशीक. मला वाटते आणखी दोन गुन्हेगार होते. पावसाळा नुकता सरलेला, पाचगणीची हवा ओली. तिथल्या मैद्याने आणि पिठीसाखरेने ओल धरलेली. सोलापूरची हवा इतकी कोरडी की आपली कडक भाकरी महिनाभर कडकच राहते, त्या हवेत चाळीस वर्षे काढलेल्या हाताला ओल्या मैद्याची ओळख कुठून असणार? आणि दुसरा म्हणजे तो ओव्हन. बेकरीची विटांची भट्टी तापून बसलेली असते. पत्रा आत सरकवताच गोळ्याला वरून-खालून धग बसते आणि वरची कातडी लगेच धरते. घरचा लहान ओव्हन दार उघडले की निम्मा निवतो.

मग उपाय काय? पर्वतावर राहणाऱ्यांनी ते कधीच शोधले आहेत. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याची राजधानी डेन्व्हर ही एक मैल, म्हणजे सुमारे सोळाशे मीटर उंचीवर आहे. त्याच राज्यात फोर्ट कॉलिन्स इथल्या कृषी महाविद्यालयात इंगा अ‍ॅलिसन या प्राध्यापिकेने १९२० च्या दशकात उंचीवरच्या भाजणीचा शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू केला. हवेचा दाब हवा तसा कमी-अधिक करता येईल अशा बंद खोलीत तिथे पुढे केक-बिस्किटे भाजून पाहिली गेली. तिकडच्या केकच्या तयार पिठाच्या खोक्यांवर उंचीसाठी वेगळी सूचना छापलेली असते. गृहिणींची तक्रार प्रयोगशाळेपर्यंत पोचली म्हणून हे झाले, हे मला फार मोलाचे वाटते.

त्या अभ्यासाच्या आधाराने आम्ही २०१५ च्या मे महिन्यात पाचगणीला प्रयोग केला. मे मुद्दाम निवडला, म्हणजे ओल्या हवेला दोष देता येऊ नये. आईला बरोबर नेले, ती नको नको म्हणत असताना. एक पत्रा तिच्या जुन्या प्रमाणाचा. दुसऱ्यासाठी सोडा पाऊण चमचा, साखरेतून दोन मोठे चमचे काढलेले, मैद्यात दोन मोठे चमचे वाढवलेले. वळलेले गोळे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवले, म्हणजे तूप वितळायला उशीर व्हावा. ओव्हन एरवीपेक्षा दहा अंश अधिक, आधी चांगला वीस मिनिटे तापवून. आणि भाजायची वेळ दोन-तीन मिनिटे कमी, कारण धग वाढवली की तेवढाच वेळ ठेवून चालत नाही. लेहसारख्या ठिकाणी हा बदल याहून मोठा करावा लागेल. तिथे तोच वायू सोलापूरच्या जवळजवळ दीडपट फुगतो, आणि हवा इतकी रखरखीत की पिठाला दुधाचा हात अधिक लावावा लागतो. पण प्रमाण एकदम सगळे बदलू नका. आधी सोडा कमी करून पाहा, मग साखर. एका वेळी एकच गोष्ट बदलली म्हणजे दोष कुठे होता ते कळते. आम्ही मात्र घाईत सगळे एकदम बदलले, हे कबूल करतो; एकच सुट्टी होती.

पहिला पत्रा निघाला. जुन्या प्रमाणाच्या नानकटाया पसरल्याच, पण दिवाळीइतक्या नाहीत. म्हणजे ओल्या हवेचाही थोडा हात होता खराच. मग दुसरा पत्रा. गोल, वर बारीक भेगा, कडा फिक्या बदामी. आईने कितीतरी वेळ दोन्ही पत्रे शेजारी ठेवून पाहिले. मी हवेचा दाब, उकळबिंदू असे काहीसे सांगू लागलो, तर ती म्हणाली, "दाब-बिब मला कळत नाही. इथं वरण शिजायला वेळ लागतो ते मात्र मी पहिल्याच दिवशी बघितलं होतं. तेव्हाच ओळखायला हवं होतं." मग दुसऱ्या पत्र्यातली एक नानकटाई तिने मोडली, खाल्ली, आणि बहिणीकडे वळून म्हणाली, "वेलदोडा कमी पडलाय गं."

सोलापूरला परतल्यावर तिने पहिल्याच आठवड्यात मला मैदा आणायला पाठवले, आणि सोडा पूर्वीसारखा एक चमचाच घातला.